दुकानाची जागा आणि दुकानाचे नाव

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व व्यापारी बांधवांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)





वार्षिक समारंभात शिक्षकाने शिक्षणावर बोलावे अशी रीत आहे. आज मी कायद्यावर बोलणार आहे. मी वकील नाही, बी.ए., बी.एड. झालेला साधा शिक्षक आहे. परंतु आपल्या वस्तीत शिक्षकाकडे लोक मुलाच्या प्रगतीबरोबर आणखीही काही विचारावयास येतात. कोणी आलेली नोटीस वाचून घेतो, कोणी करारनाम्याचा अर्थ विचारतो, कोणी अर्ज लिहून नेतो. म्हणून या विषयाचा जो अभ्यास करावा लागला, तो आपणांपुढे ठेवीत आहे.

आणि हा विषय शिक्षणाबाहेरचा आहे असेही मला वाटत नाही. राबोडी, मुंब्रा, कल्याणचा दूध नाका, भिवंडी या भागांतील आपल्या किती मुलांची फी महिन्याच्या पगारातून येते आणि किती मुलांची दुकानाच्या गल्ल्यातून येते, याचा विचार आपणच करा. गाळा गेला की पहिला घाव बसतो तो नववी-दहावीतल्या मुलाच्या दप्तरावर. मुलगा हुशार असतो, पण वडिलांच्या हाताशी कोणी नाही म्हणून शाळा सोडतो. म्हणून ज्याला मुलाचे शिक्षण टिकवावयाचे आहे, त्याने दुकान टिकविण्याची विद्याही शिकली पाहिजे.

दुकानदाराच्या दोन इस्टेटी असतात. एक, तो ज्या जागेत बसतो ती जागा. दुसरी, ज्या नावाने गिऱ्हाईक त्याला शोधत येते ते नाव. जागेचा कायदा वेगळा, नावाचा कायदा वेगळा. गेल्या काही वर्षांत दोन्हीकडे पुष्कळ बदल झाले आहेत, आणि दोन्हीकडे आपली माणसे एकाच कारणाने नुकसान सोसतात. ते कारण म्हणजे कागद नसणे.

प्रथम जागा

मुंबई इलाख्याचा भाडे-नियंत्रण कायदा १९४७ चा. त्या कायद्याने भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठवली. गरीब भाडेकरूला त्या काळी त्याचा मोठा आधार झाला. पण पन्नास वर्षांनंतरही तेच भाडे घेऊन घरमालकाने दुरुस्ती कशातून करावी, हा प्रश्नही खराच होता. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडी अशी गोठवून ठेवण्याच्या तरतुदी गैरवाजवी ठरविल्या. त्यानंतर महाराष्ट्र भाडे-नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. घराप्रमाणेच शिक्षण, धंदा, व्यापार आणि साठवण यांसाठी भाड्याने दिलेल्या जागांनाही तो लागू आहे. ज्या कंपन्यांचे भरणा झालेले भागभांडवल १ कोटी रुपये किंवा अधिक आहे, त्यांना, तसेच बँकांना व बहुराष्ट्रीय कंपन्यांना मात्र त्याचे संरक्षण नाही. आपल्या बाजारातील साध्या भाडेकरूला ते आहे.

या कायद्यातील काही गोष्टी प्रत्येक गाळेवाल्याला पाठ असाव्यात.

पहिली गोष्ट, भाडेवाढ. मालकाला दरवर्षी ४ टक्के भाडे वाढविण्याचा हक्क आहे. भाडे थकले म्हणून तो दुसऱ्या दिवशी कुलूप लावू शकत नाही. त्याने लेखी नोटीस दिली पाहिजे आणि ९० दिवस थांबले पाहिजे. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सर्व थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह न्यायालयात भरली आणि पुढे नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. नोटीस आली की घाबरून घरात दडवून ठेवणारे लोक आहेत. त्यांनी हे ९० दिवस मोजावेत.

दुसरी गोष्ट, पागडी. पूर्वी पागडी घेणे गुन्हा होता, म्हणून ती चोरून, पावतीशिवाय दिली जाई. १९९९ च्या कायद्याच्या ५६ व्या कलमाने ती कायदेशीर झाली. आता पावती न मागण्याचे काहीच कारण उरलेले नाही. तरीही लाखो रुपये साक्षीपावतीशिवाय हातावर ठेवण्याची जुनी सवय सुटत नाही.

तिसरी गोष्ट, करारनामा. ५५ व्या कलमान्वये भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नोंदलेला कागद नसेल, तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. आपल्यातील जे बांधव स्वतः गाळ्यांचे मालक आहेत, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

नोंदणीला फार खर्च येतो, असा एक गैरसमज आहे. गणिताचे शिक्षक समोर बसले आहेत, त्यांनी ताडून पाहावे. समजा गाळा ३६ महिन्यांसाठी २०,००० रुपये महिन्याने दिला आणि २ लाख रुपये परतीचे डिपॉझिट घेतले. एकूण भाडे ७,२०,००० रुपये. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून तीन वर्षांचे ६०,००० रुपये. बेरीज ७,८०,००० रुपये. यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे १,९५० रुपये. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. मिळून २,९५० रुपये. पावणेआठ लाखांच्या व्यवहाराला तीन हजारांचा कागद महाग म्हणावयाचा काय?

चौथी गोष्ट आपल्या समाजाला फार जवळची आहे. रोजगारासाठी आपली माणसे आखातात जातात. पुष्कळदा गाळ्याला कुलूप लावून जातात, किंवा ओळखीच्या माणसाला 'तू बस, मला महिन्याला इतके दे' असे सांगून जातात. दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. जागा ज्या कामासाठी घेतली त्या कामासाठी योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने वापरली नाही, तर मालकाला ताबा मागता येतो. आणि मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे, हेही ताबा जाण्याचे कारण होते. त्याला 'भागीदार' असे नाव दिले म्हणून सुटका होत नाही. जागेवर खरा ताबा कोणाचा, हे न्यायालय पाहते. परदेशी जाण्यापूर्वी मालकाची लेखी संमती घ्यावी, नाहीतर घरच्या माणसाने दुकान उघडत राहावे.

पाचवी गोष्ट, वारसाची. समजा, मरहूम वडिलांनी १९६८ साली गाळा भाड्याने घेतला. तीन मुलगे. थोरला नोकरीत, धाकटा आखातात, मधला लहानपणापासून वडिलांबरोबर दुकानात. वडील गेले. भाडेकरू कोण? धंद्याच्या जागेबाबत कायद्याचे उत्तर असे की, मृत्यूसमयी जो कुटुंबीय त्या जागेत भाडेकरूबरोबर धंदा करीत होता आणि पुढेही करीत राहिला, तो. असा कोणी नसेल तरच इतर वारस. आपसांत एकमत झाले नाही तर न्यायालय ठरवील. वसियतनाम्याने भाडेकरूपण देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच सांगितले आहे. पण मधला मुलगा वडिलांबरोबर धंदा करीत होता, याचा पुरावा काय? बहुतेक घरी वडिलांच्या मृत्यूनंतर वीस वीस वर्षे भाडेपावती वडिलांच्याच नावे फाटत राहते, आणि भावाभावांचा वाद तेथूनच सुरू होतो. ज्या मुलाला दुकानात बसविले, त्याचे नाव वेळेवर परवान्यावर, बँकेच्या खात्यावर आणि हिशेबाच्या कागदांवर आणावे. इतर भावांचा धंद्यातील मालात, पैशात आणि नावात जो शरई हिस्सा असेल, तो बाजूला लिहून ठेवावा. जागेचा कायदा आणि वारशाचा हिस्सा यांची गल्लत केली की दोन्ही बाजूंना अन्याय वाटतो.

सहावी गोष्ट, इमारतीची. भिवंडीची जिलानी इमारत सप्टेंबर २०२० मध्ये कोसळली, ते आपण कोणी विसरलेलो नाही. जुनी इमारत पडली किंवा पालिकेने पाडली, तर खालच्या गाळेवाल्याचे काय? पूर्वी एक मत असे होते की इमारत गेली म्हणजे भाडेकरूपणही गेले. सांगलीच्या एका खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे मत बदलले. इमारत नष्ट झाल्याने भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असे तीन न्यायमूर्तींनी ठरविले. तेव्हा धोकादायक इमारतीची नोटीस आल्यास जीव धोक्यात घालून जागा धरून बसू नये. गाळ्याचे मोजमाप, पावत्या, फोटो आणि मालकाशी लेखी करार हाती घेऊन बाहेर पडावे. हक्क कागदाने टिकतो. पडत्या छपराखाली बसून टिकत नाही.

नव्या इमारतीही डोळे झाकून घेण्यासारख्या नाहीत. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळविलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. घर घेणारे फसले, तसे गाळे घेणारेही फसले. छापील जाहिरात आणि रेराचा क्रमांक पाहून थांबू नका. बांधकाम परवानगी खरी आहे की नाही, हे महापालिकेच्या नगररचना खात्यात जाऊन पाहा, मग डिपॉझिट द्या.

आणखी एक नवा बदल कराचा. मालकाची जीएसटी नोंदणी नाही आणि भाडेकरूची आहे, अशा व्यापारी जागेच्या भाड्यावर १८ टक्के कर भरण्याची जबाबदारी १० ऑक्टोबर २०२४ पासून भाडेकरूवर आली. जानेवारी २०२५ मध्ये कंपोझिशन योजनेतील लहान व्यापाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले. आपण कोणत्या रकान्यात बसतो, हे आपल्या हिशेबनिसाला आजच विचारा.

संस्थेच्या आणि वक्फच्या जागा

येथे मला पदाधिकाऱ्यांकडे वळून दोन शब्द बोलावयाचे आहेत. मशीद, दर्गा, कब्रस्तान, शिक्षणसंस्था यांच्या मालकीचे गाळे गावोगाव आहेत. त्यांच्या भाड्यातून शिष्यवृत्त्या निघतात, इमामसाहेबांचे मानधन निघते. हे गाळे देताना मुतवल्ली किंवा विश्वस्त स्वतःच्या मर्जीने वाटेल तितक्या मुदतीचा करार करू शकत नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त कायदा, १९५० च्या ३६ व्या कलमाखाली विश्वस्त संस्थेची इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यावयाची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. वक्फ मिळकतीचा ३० वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा कायद्याने निरर्थक आहे, आणि त्याहून कमी, पण एक वर्षाच्या वरच्या मुदतीलाही मंडळाची मंजुरी लागते.

पन्नास वर्षांपूर्वीचे भाडे आजही तेच ठेवणे, याला कोणी मुरवत म्हणतात. पण त्या गाळ्याचे उत्पन्न यतीम मुलांचे आहे. दुसऱ्याच्या अमानतीतून मुरवत दाखविण्याचा हक्क विश्वस्ताला नाही. उलट, गाळ्यात बसलेल्या गरीब भाडेकरूला कागद न देता केव्हाही उठविता येईल असे लोंबकळत ठेवणे, हाही इन्साफ नव्हे. दोघांनाही कागद हवा.

आता नाव

जागेला भिंती असतात, म्हणून तिच्यावर कोणी अतिक्रमण केले तर दिसते. नावाला भिंती नसतात. दुकान चालू लागले की दोन गल्ल्या सोडून तशाच नावाची पाटी लागते, आणि अर्धे गिऱ्हाईक तिकडे जाते. कल्याणात एका खिडकीतून वडे विकता विकता 'खिडकी' हेच नाव होऊन बसले, ते सर्वांना ठाऊक आहे. नाव पैशाने विकत मिळत नाही. ते वर्षानुवर्षांच्या चोख मालाने मिळते. म्हणूनच कायदा त्याला मालमत्ता मानतो.

ट्रेडमार्क कायदा, १९९९ हा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. नोंदणीचे कार्यालय आपल्याला दूर नाही, मुंबईत अँटॉप हिलला आहे. अर्ज घरबसल्या संगणकावरूनही करता येतो. व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये फी आहे. अर्ज नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर चार महिन्यांत कोणी हरकत घेतली नाही, तर नोंदणी होते. ती दहा वर्षे चालते आणि पुन्हा पुन्हा वाढविता येते. नोंदणी होण्यापूर्वीच पाटीवर वर्तुळातले 'आर' काढून घेणारे पेंटरही आहेत आणि काढवून घेणारे मालकही. ते कायद्याला मान्य नाही.

सारखे नाव म्हणजे अक्षरशः तेच नाव असावे लागत नाही. 'अमृतधारा' हे औषध आपल्या आजीच्या डब्यात असे. कोणी 'लक्ष्मणधारा' काढले. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली सांगितले की, साधे गिऱ्हाईक दोन नावे शेजारी ठेवून पारखत नाही. त्याला एकूण नाद आठवतो, आणि तो फसेल इतका हा नाद सारखा आहे. आज साठ वर्षांनंतरही न्यायालये हाच कस लावतात.

ज्याने नोंदणी केली नाही, त्याचे सगळेच गेले असेही नाही. तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडै हलवा' या नावाच्या खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क नंतर नोंदणी करणाऱ्यापेक्षा वरचढ आहे. परंतु आधीपासून वापरीत होतो, हे दाखवावे लागते. जुनी बिलबुके, लग्नाच्या ऑर्डरींच्या वह्या, पहिली पाटी रंगविल्याचे बिल, स्मरणिकेतील जाहिरात, हे सगळे पुरावे होत. या संस्थेच्या जुन्या स्मरणिकांत ज्यांच्या जाहिराती आहेत, त्यांनी ते अंक रद्दीत घालू नयेत.

पाटीचा विषय निघाला म्हणून सांगतो. राज्याने २०२२ मध्ये कायदा दुरुस्त करून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी पाटी बंधनकारक केली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाटी मराठीत लागलीच आहे, तर नावाचा अर्ज करतानाही ते देवनागरीत आणि उर्दू किंवा रोमन लिपीत कसे लिहिता, याचा विचार एकदमच करा. ज्या अक्षरांत गिऱ्हाईक आपल्याला ओळखते, ती अक्षरे आपल्या कागदावर असावीत.

भागीदारी मोडते, तेव्हा काय होते? मालाचे वाटे होतात, उधारीचे होतात, आणि नाव तसेच राहते. मग दोघेही तेच नाव लावतात. भागीदारी कायदा १९३२ चा. त्यात नावलौकिक ही पेढीची मालमत्ता आहे. ती कोणाकडे जाईल हे दस्तात लिहिले नसेल, तर भांडण ठरलेलेच. आणि ट्रेडमार्क दुसऱ्याला देणे लेखीच असावे लागते. 'मी तुला नाव दिले' असे चार माणसांत म्हणून ते दिले जात नाही. गाळा सोडताना तर हे विशेष लक्षात ठेवा. गाळा मालकाचा असतो, नाव आपले असते. उठताना पाटी बरोबर न्यावी, आणि नाव ठेवूनच दुकान विकायचे असेल, तर त्याची किंमत वेगळी लावून लिहून घ्यावी.

भिवंडीची नक्षी आणि शाळेची झेरॉक्स

भिवंडीत लूम आहेत, प्रोसेस आहेत, कपड्याचे व्यापारी आहेत. नवी नक्षी बाजारात आली की आठवड्यात तिची नक्कल होते, ही सर्वांची तक्रार. येथे कायद्यात एक खाच आहे. चित्र म्हणून काढलेल्या नक्षीवर कॉपीराइट असतो. पण ती कापडावर उतरविण्याजोगी नक्षी असेल, डिझाइन कायदा, २००० खाली नोंदलेली नसेल, आणि तिच्या पन्नासांहून अधिक प्रती यंत्राने निघाल्या, तर तो कॉपीराइट संपतो. पन्नास प्रती म्हणजे लूमला काय, चहा पिऊन होईपर्यंतचे काम! दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बायकांच्या तयार कपड्यांच्या एका खटल्यात हेच लावले. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गॅसवाहू वाहनांच्या आराखड्यांच्या खटल्यात ही सीमारेषा कशी आखावी, याची कसोटी सांगितली. आपल्या कारखानदाराने यातून इतकेच घ्यावे की, नक्षी चालेल असे वाटत असेल, तर माल बाजारात येण्याच्या आधी तिची नोंदणी करावी. एकदा प्रसिद्ध झालेली नक्षी नवी राहत नाही. नोंदणी केल्यास दहा वर्षे, आणि वाढवून आणखी पाच वर्षे हक्क मिळतो.

आणि ही नक्षी संगणकावर काढणारा मुलगा, जो पुष्कळदा आपल्याच शाळेतून गेलेला असतो, त्याला मी सांगेन की, पगारी नोकर म्हणून काढलेले काम बहुधा मालकाचे होते. बाहेरून, कामापुरते करून दिलेल्या कामाचे लेखी ठरवून घे. कॉपीराइट देण्याचा करार लेखी व सहीचा असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षांची धरतो.

जुन्या परंपरेतून आलेल्या वस्तूंना भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण आहे. आपल्या भागातील वारली चित्रकला, कोल्हापूरची चप्पल ही त्याची उदाहरणे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल मांडली, तेव्हा मोठा गवगवा झाला. जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली आणि जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण ज्यांच्या नावे नोंदणी आहे ते स्वतः आलेच नव्हते. हक्क ज्याचा, त्यानेच उभे राहिले पाहिजे. दुसऱ्याच्या रागाने तो वाचत नाही.

शाळेपुरते बोलायचे, तर कायदा शिक्षकाचा शत्रू नाही. शिकविण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने मजकुराची प्रत करणे, प्रश्नपत्रिकेत उतारा देणे, आणि स्नेहसंमेलनात विद्यार्थी, शिक्षक व पालकांपुढे नाटक करणे याला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्सच्या दुकानावर मोठ्या परदेशी प्रकाशकांनी दावा केला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला. गरीब मुलाच्या बाजूचा हा निकाल आहे. पण त्याचा अर्थ अख्खे पाठ्यपुस्तक छापून बाजारात विकावे, असा नव्हे. तसे करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद होऊ शकते; आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे ठरविले आहे. नकली लेबलाचा माल विकणाऱ्यालाही ट्रेडमार्क कायद्याखाली तितकीच शिक्षा आहे. 'माल माझा नाही, मी फक्त विकतो' हे उत्तर पोलीस ऐकून घेत नाहीत.

वाद झालाच तर

२०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्यात दोन्ही विषय एका छत्राखाली आले आहेत. बौद्धिक संपदेचे वाद व्यापारी वाद आहेत, आणि केवळ व्यापारासाठी प्रत्यक्ष वापरात असलेल्या जागेच्या करारांचे वादही. २०१८ मध्ये मर्यादा ३ लाख रुपयांपर्यंत खाली आणल्याने ते आता लहान दुकानदारापर्यंत पोहोचले आहे. मात्र भाडे-नियंत्रण कायद्याखालील दावे त्या कायद्याने ठरविलेल्या दिवाणी न्यायालयातच चालतात. लवादाकडे नेता येत नाहीत.

या व्यापारी कायद्यातील एक तरतूद आपल्या परंपरेशी जुळणारी आहे. तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दावा लावण्यापूर्वी मध्यस्थी केलीच पाहिजे. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सक्तीचे असल्याचे स्पष्ट केले. मध्यस्थीत झालेल्या समझोत्याला लवादाच्या निवाड्याची ताकद असते. आपल्याकडे जमातीचे पंच सुलूक करून देत, तोच हा मार्ग. फरक एवढाच की, पंचांपुढे झालेली गोष्ट पंच गेल्यावर विसरली जाई. ही कागदावर राहते.

शेवटी

आपण पाहिले असेल की, भाड्याचा कायदा म्हणतो लिहा, ट्रेडमार्कचा कायदा म्हणतो लिहा, कॉपीराइटचा कायदा म्हणतो लिहा. पण आपल्याकडे लिहायला सांगितले की समोरच्याला वाटते, माझ्यावर विश्वास नाही. 'आपसांतलेच आहोत, कागद कशाला?' हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकले, तितके दुसरे कोणतेही ऐकले नसेल.

बांधवांनो, कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत कोणत्या विषयावर आहे? सूरह अल-बकरहमधील ती आयत देण्याघेण्याच्या व्यवहारावर आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. हा हुकूम एकमेकांवर विश्वास असलेल्या ईमानवाल्यांनाच उद्देशून आहे. तेव्हा लिहिणे म्हणजे अविश्वास, हा समज दीनलाही धरून नाही आणि दुनियेलाही. लिहिलेला करार मैत्री मोडत नाही; न लिहिलेला करार दुसऱ्या पिढीत भाऊबंदकी मोडतो.

म्हणून या सुट्टीत प्रत्येक दुकानदाराने एक काम करावे. एक जाड फाईल घ्यावी. तिच्या पहिल्या भागात जागेचे कागद : करारनामा, भाडेपावत्या, पागडीची पावती, वीजबिल, मालमत्ता कराची प्रत, परवाना. दुसऱ्या भागात नावाचे कागद : ट्रेडमार्कचा अर्ज, जुनी बिले, पाटीचा फोटो, भागीदारीचा दस्त. जो कागद नाही, त्याची यादी पहिल्या पानावर करावी आणि ती यादी घेऊन चांगल्या वकिलाकडे जावे. ज्यांना वकिलाची फी परवडत नाही, त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो. आपल्या घरी विधवा बहीण किंवा आई दुकान सांभाळीत असेल, तर तिला हे अवश्य सांगा.

आणि ही फाईल भरताना दहावीतल्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा. मराठी वाचता येते ना, मग करारनामा मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. जो शब्द अडेल तो दुसऱ्या दिवशी शाळेत घेऊन यायला सांगा. आम्ही शिक्षक तो शब्द सोडवून देऊ. शाळेत शिकविलेले वाचन बापाच्या दुकानाच्या उपयोगी पडले, तर वर्षभराची मेहनत कारणी लागली असे आम्ही समजू.

खुदा हाफिज.